सनदेचा पुरोहित आणि बान्याचा देव

अमेरिकेतील लेक जिनीव्हा नामक आडगावातून १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा, फासे, कागद आणि एका सूत्रधाराच्या कल्पनाशक्तीवर चालणारा खेळ प्रसिद्ध झाला, तेव्हा योद्धा व जादूगार यांच्या पंक्तीला त्यात ‘क्लेरिक’ नावाचा पुरोहितही बसला होता. पण हा पुरोहित भक्तीतून उपजलेला नव्हता, आर्नेसनच्या मंडळीत डोईजड झालेल्या एका रक्तपिपासू पिशाचाचा बंदोबस्त करण्यासाठी त्याची नेमणूक झाली होती. नेमणूक हा शब्द मी समजूनच योजला आहे.

या खेळाच्या १९७९ च्या सूत्रधार-ग्रंथात असे ठरले की, पहिल्या दोन श्रेणींचे मंत्र पुरोहिताने स्वतःच्या श्रद्धेवर व शिक्षणावर मिळवावेत, पुढील तीन देवाच्या दूतांकडून यावेत, आणि त्यांवरचे खुद्द देवाने बहाल करावेत. आचरणात कसूर झाली की तैनात बंद. भोसल्यांच्या राजधानीत, नागपुरात, वाढलेल्या वाचकाला हा कारभार परका वाटू नये : सनद, हुजूरची मर्जी, बडतर्फी. फक्त वतन तेवढे नाही. (आपल्याकडे पंढरपूरच्या बडव्यांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने गेले आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाची मोहर उमटायला २०१४ साल उजाडले.) १९८० च्या देवकोशात तर इंद्र, अग्नी, काली यांच्या प्राणशक्तीचे आकडेही दिले आहेत, म्हणजे देवही मोजदादीतून सुटला नाही. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ या दुसऱ्या खेळाने देवाचा पंथ एकट्या पुरोहिताकडे न ठेवता सर्वांना खुला केला, हे त्यातल्या त्यात बरे, पण २००० सालच्या ‘डंजन्स’च्या आवृत्तीत देव न निवडताही पुरोहित होता येऊ लागले, आणि धन्यावाचून सनद चालू राहिली.

आता ज्या गोंड राजाने, बख्त बुलंदाने, नागपूर वसविले, त्याच्या जातभाईंकडे पाहावे. गावदेवांची पूजा भुमका करतो. परंतु गोंडांच्या थोरल्या देवाला, बडादेवाला, हाक घालण्याचा अधिकार परधान नामक गायकाचा, आणि तो पोथीने नव्हे, बाना नामक तंतुवाद्याने बजावला जातो. कथा अशी सांगतात की, गोंड भावांवर रुसून देव अंतर्धान पावला असता सर्वांत धाकट्याने बाना घडवून वाजविला, तेव्हा देव साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडावर परत आला. त्या धाकट्याचे वंशज ते परधान. ते परंपरेने यजमान गोंडांच्या घरी जाऊन वंशावळी गातात व बदल्यात दान घेतात. शामराव हिवाळे यांनी १९४६ साली परधानांवर इंग्रजीत एक अख्खा ग्रंथ लिहिला, त्याला अजून तोड नाही असे माझे मत आहे.

खेळातला देव पगार देतो किंवा अडवून धरतो. परधानाचा देव रुसतो, आणि त्याची समजूत काढावी लागते. ही समजूत काढण्याची विद्या त्या नियमग्रंथांत नाहीच असे नाही. पण ती ‘बार्ड’ नावाच्या गायकाकडे सोपविली आहे, आणि गायक व पुरोहित ही दोन निरनिराळी खाती आहेत. परधानाला त्यांपैकी कोणत्या खात्यावर घालावे, हे त्या ग्रंथकारांना विचारावे लागेल.