तीनशे कोटी अक्षरांतील एक जागा

मानवी पेशीतील डीएनएच्या संपूर्ण संचाला जीनोम म्हणतात. तो ए, टी, जी आणि सी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असून त्याची लांबी सुमारे ३०० कोटी अक्षरे भरते. एवढा मजकूर नुसता हाती असून भागत नाही. त्यातील हवी ती जागा काढता यावी आणि तिच्याविषयी आजवर जे कळले ते तिथेच पाहता यावे, यासाठी ‘जीनोम ब्राउझर’ ही साधने तयार झाली. ७ जुलै २००० रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ केंद्राने (यूसीएससी) मानवी जीनोमचा कच्चा मसुदा इंटरनेटवर सर्वांसाठी विनामूल्य खुला केला. सेलेरा ही खासगी कंपनी त्याच शर्यतीत असताना तुकडे जुळवणारी आज्ञावली जिम केंट या संशोधक विद्यार्थ्याने काही आठवड्यांत लिहिली, आणि पुढे यूसीएससी जीनोम ब्राउझरही त्याच्याच हातून घडला. ज्ञान खुले ठेवण्याच्या त्या निर्णयाचे मोल फार मोठे आहे.

शोधचौकटीत ‘एचबीबी’ हे जनुकाचे नाव टाकले, की अकराव्या गुणसूत्राच्या टोकाजवळचा सुमारे १६०० अक्षरांचा पट्टा उघडतो. हिमोग्लोबिनचा एक घटक बनवणारे हे जनुक तीन जाड ठोकळ्यांत दिसते. प्रथिनाची कृती या ठोकळ्यांत असते आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक रेषा म्हणजे मधले गाळले जाणारे भाग. रेषांवरील बाण डावीकडे वळलेले असतात, कारण हे जनुक डीएनएच्या दुसऱ्या धाग्यावर उलट दिशेने वाचले जाते. सिकलसेल आजारात या जनुकातील एका ‘जीएजी’चे ‘जीटीजी’ होते, म्हणजे ए जाऊन टी येतो. ब्राउझर मात्र पहिला धागा दाखवत असल्याने तोच बदल टी जाऊन ए आल्यासारखा दिसतो, आणि नवखा वाचक हमखास इथे गोंधळतो. शिवाय ही जागा जीनोमच्या २००९च्या आवृत्तीत ५२,४८,२३२ क्रमांकावर, तर २०१३च्या आवृत्तीत ५२,२७,००२ क्रमांकावर आहे. म्हणून आवृत्ती न सांगता दिलेला क्रमांक निरुपयोगी ठरतो.

खालच्या पट्ट्यांत इतर प्राण्यांशी असलेले साम्य आणि माणसामाणसांतील फरक दिसतात, तर ‘नोमॅड’ या संग्रहात एखादा बदल कोणत्या लोकसमूहात किती आढळतो हे पाहता येते. भारतीयांसाठी १०२९ व्यक्तींच्या जीनोमवर आधारलेला ‘इंडिजीनोम्स’ संग्रह दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने खुला केला आहे. तरीही ‘दक्षिण आशियाई’ अशा एकाच रकान्यातील सरासरी जपूनच वाचावी लागते, कारण गडचिरोली किंवा नंदुरबारच्या आदिवासी समाजांत सिकलसेलचा हा बदल त्या सरासरीच्या कितीतरी पट अधिक आढळतो.