आधी हात धुतलेत का?

प्रताप नगरातल्या एखाद्या नर्सिंग होममध्ये संध्याकाळी भेटीच्या वेळेला डोकावून पाहा. जिन्यावर चपलांचा ढीग, हातात डबे नि थर्मास, कडेवर सर्दीने बेजार झालेली पोरे! आमच्या घरच्या बाळंतपणात आम्हीही असेच खाटेवर दाटीवाटीने बसलो होतो. बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होते. कोपऱ्यातल्या बेसिनकडे कुणीच वळले नाही. चौथ्या दिवशी बाळाला ताप आला आणि मुक्काम आठ दिवसांनी लांबला. कुणाच्या हातून, ते कसे कळणार?

हा प्रश्न जुना आहे. व्हिएन्नातील प्रसूतिगृहात १८४७ साली डॉ. सेमेलवाइस यांना दिसले, की सुइणींच्या विभागापेक्षा डॉक्टरांच्या विभागात बाळंतिणी जास्त दगावतात. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणी तपासायला येत. सेमेलवाइस यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बाळंतिणी दगावत होत्या; जूनमध्ये दोन. तरीही बड्या डॉक्टरांना ते पटले नाही. आपलेच हात रोग पोहोचवतात, हे ऐकायला कुणाला आवडेल?

पूर्वी आपले फॅमिली डॉक्टर काचेची सिरिंज स्टीलच्या डब्यात उकळत, ते अनेकांना आठवत असेल. आता सुई एकदाच वापरून पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात टाकायची असते. रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत. शस्त्रक्रियेची हत्यारे ऑटोक्लेव्हमध्ये, दाबाखालच्या १२१ अंशांच्या वाफेत निर्जंतुक होतात. हे सगळे यंत्राने आणि नियमाने होते. हाताचे तसे नाही. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना, दर वेळी, कामाच्या धबधब्यातही आठवण ठेवावी लागते. हातमोजे घातले म्हणून धुण्यातून सुटका नाही. हात नुसते सलाइनच्या स्टँडला किंवा खाटेच्या कठड्याला लागले, तरी ते स्वच्छ करायला हवेत. नेमके तेच राहून जाते. स्पिरिटयुक्त द्रव वीस-तीस सेकंद चोळला तरी भागते. हात मळलेले असतील किंवा रुग्णाला जुलाब असतील, तर मात्र साबण-पाणीच हवे.

डॉक्टरांना हे विचारायचे कसे, असा संकोच वाटतो. आमच्या आत्याबाईंना तो नव्हता. बाळाला तपासायला डॉक्टर आले, तशा त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, हात धुतले का जी?" आम्ही माना खाली घातल्या. डॉक्टर क्षणभर थांबले, बेसिनकडे गेले आणि हात पुसत म्हणाले, "आता तुम्ही सगळे या."