विणकाम : आजीच्या हातची विद्या

मागावर कापड विणतात आणि सुयांवर स्वेटर विणतात. या दोहोंस आपण 'विणणे' हा एकच शब्द लावतो. परंतु या दोन क्रिया परस्परांहून अगदी भिन्न आहेत. मागावर उभे ताणे आधी ताणून बसवावे लागतात व त्यांतून आडवे बाणे घालावे लागतात. म्हणून कापडास शेकडो धागे लागतात आणि ते सर्व सरळ रेषेत असतात. सुयांवरील विणकामात धागा एकच असतो. त्या धाग्याचा एक फास सुईवर घ्यावयाचा, त्या फासातून दुसरा फास ओढून काढावयाचा व मग पहिला सुईवरून सोडून द्यावयाचा, एवढीच काय ती मूळ क्रिया. त्या फासास आपल्या घरांत 'टाका' म्हणतात. प्रत्येक टाका आपल्या खालच्या टाक्यातून निघालेला असतो व वरच्या टाक्याने धरून ठेवलेला असतो. यामुळेच, वर धरणारे कोणी उरले नाही की तो सुटतो, आणि एक सुटला म्हणजे त्याच्याखालचे टाके ओळीओळीने उसवत जातात.

या रचनेतच विणलेल्या वस्त्राचे गुण आहेत. फास वाकडा असल्यामुळे ओढला असता लांबतो व सोडला असता पूर्ववत होतो; म्हणून स्वेटर अंगाबरोबर ताणतो, तसे धोतर किंवा सदरा ताणत नाही. शिवाय लोकरीचे तंतू मुळातच कुरळे असून त्यांच्यामध्ये व फासांच्या पोकळीत हवा कोंडून राहते. ती स्थिर हवा अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही. स्वेटर स्वतः उष्णता निर्माण करीत नाही, आपलीच उष्णता आपल्यापाशी राखतो, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

टाके मुख्यतः दोन प्रकारचे : सुलट व उलट. नवशिक्यास हे दोन निराळे टाके वाटतात. वस्तुतः ते एकच होत. जो टाका पुढून पाहिला असता सुलट दिसतो, तोच मागून उलट दिसतो. एक ओळ सुलट व एक ओळ उलट विणली की पुढची बाजू सपाट व गुळगुळीत येते. सर्वच ओळी सुलट विणल्या तर दोन्ही बाजूंस आडव्या वरंब्यांसारख्या उठावदार रेघा येतात. एकाच ओळीत दोन सुलट, दोन उलट असे आलटून पालटून घेतले, तर वस्त्र स्वतःच आत आखडते. म्हणून मनगट, गळा व कंबर येथील बॉर्डर अशा विणीची असते. एवढ्या दोन अक्षरांवर या विद्येची सारी बाराखडी उभी आहे.

या कामी गणितही लागते. आमच्या आजीस अपूर्णांक हा शब्द ठाऊक नसेल, पण गणित पक्के ठाऊक होते. ती प्रथम वीतभर रुंदीचा नमुना विणून चार इंचांत किती टाके बसले ते मोजी. समजा, चार इंचांत २४ टाके आले. म्हणजे इंचास ६. मुलाची छाती २८ इंच, त्यात सैलपणासाठी २ इंच मिळविले म्हणजे ३०. पाठीचा भाग त्याच्या निम्मा, १५ इंच. तेव्हा सुईवर ९० टाके घालावयाचे. दोन सुलट, दोन उलट अशा बॉर्डरीस चारांच्या पटीत दोन मिळवून संख्या हवी, म्हणजे दोन्ही कडांस सुलट टाके येतात. ९० ही संख्या त्यासही जुळते. नमुना न विणता अंदाजाने टाके घातले, आणि प्रत्यक्षात इंचास ५ च बसले, तर ३० इंचांचा स्वेटर ३६ इंचांचा होतो! सुईच्या जाडीवरही हे अवलंबून असते. दहा नंबरची सुई सुमारे सव्वातीन मिलिमीटर जाड असते, तर बारा नंबरची सुमारे पावणेतीन. नंबर वाढला की सुई बारीक होते, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास उलटी वाटते.

ही कला किती जुनी? ईजिप्तच्या कोरड्या भूमीत निळ्या व पांढऱ्या सुताचे विणलेले मोजे सापडले आहेत. ते सुमारे अकराव्या ते चौदाव्या शतकांतील समजले जातात. पुढे ही विद्या युरोपात पसरली. मास्टर बर्ट्राम नामक जर्मन चित्रकाराने १४०० सालाच्या सुमारास बुक्सटेहूड येथील वेदीकरिता काढलेल्या चित्रांत पवित्र मरिया चार सुयांवर एक लहानसा अंगरखा विणीत बसलेली दाखविली आहे व बाळ येशू जवळच आहे. प्रभूचा झगा बिनशिवणीचा होता असे योहानकृत शुभवर्तमानात आहे. चार सुयांवर गोल विणलेल्या वस्त्रास शिवण लागत नाही, म्हणून चित्रकारास ही कल्पना सुचली असावी. पुढे १५८९ साली विल्यम ली या इंग्रजाने मोजे विणण्याचे यंत्र तयार केले, आणि तेव्हापासून हात व यंत्र यांची शर्यत सुरू झाली.

महाराष्ट्रात या कामाच्या प्रसारास मिशनच्या मुलींच्या शाळांचा मोठा हातभार लागला. सिंथिया फॅरार बाई १८२७ साली मुंबईस आल्या. पुढे १८३९ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १८६२ पर्यंत, त्यांनी अहमदनगर येथे (आताचे अहिल्यानगर) मुलींच्या शिक्षणाचे कार्य केले. अशा शाळांत वाचन, लेखन व गणित यांच्या जोडीस सुईकामही असे. शाळेत शिकलेली मुलगी सासरी जाई, तेथे नणंदा-जावांस शिकवी, आणि पुढे ती आजी झाली की नातींस शिकवी. असा हा धागा पुस्तकावाचून चालत आला.

आमच्या घरी नवी लोकर क्वचितच येई. वडिलांचा स्वेटर कोपरांवर झिजला की आजी तो उसवावयास घेई. निघालेला धागा वेटोळ्या वेटोळ्यांचा असे; त्याची लड करून ती रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवावयाची व खाली लहानसे वजन बांधून सावलीत टांगावयाची, म्हणजे वेटोळी सरळ होत. पाणी कढत का नको, याचे कारण आम्हांस पुढे कळले : लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, ते उष्ण पाण्यात व चोळण्याने एकमेकांत अडकतात आणि वस्त्र आटून घट्ट होते. लड वाळली की आम्हां भावंडांपैकी एकाने ती दोन्ही हातांवर ताणून धरावयाची व आजीने गुंडा गुंडाळावयाचा. हात दुखत, पण त्या वेळी गोष्ट हमखास मिळे. वडिलांच्या स्वेटरातून थोरल्याचा स्वेटर होई, त्यातून धाकट्याची कानटोपी, आणि उरल्या तुकड्यांतून पायमोजे.

आजी वारली तेव्हा तिच्या पेटीत एक मोजा पुरा झालेला व दुसरा घोट्यापर्यंत आलेला, तसाच सुयांवर सापडला. आईस स्वेटर उत्तम येई. परंतु मोज्याची टाच वळविणे ती नेहमी सासूबाईंकडेच सोपवीत असे. आता विचारावे कोणास? आईने पुरा झालेला मोजा दिव्याखाली धरला व टाचेच्या ओळी एकेक करून मोजल्या. कोठे दोन टाके एकत्र घेतले आहेत, कोठे ओळ अर्ध्यावरून परतविली आहे, हे बोटांनी चाचपून कागदावर उतरविले, आणि कित्येक संध्याकाळी खर्चून दुसरा मोजा पुरा केला. आजीचा हात घट्ट, आईचा किंचित सैल. त्यामुळे कोठे एकीचे काम संपून दुसरीचे सुरू झाले ते आजही स्पष्ट दिसते. परंतु आजीच्या शालीवर पानांची एक नक्षी असे. ती शाल फार पूर्वी कोणास दिली गेली होती व नक्षी कोठे लिहिलेली नव्हती. ती आमच्या घरातून कायमची गेली.

यातून आम्ही असे समजतो की, विणलेले वस्त्र हा एक लेखच होय. मात्र तो वाचण्यास अक्षरओळख हवी. आईस ती होती, म्हणून मोजा पुरा झाला; शाल मात्र समोर नव्हती, म्हणून नक्षी बुडाली.

आज बाजारात यंत्राचा स्वेटर स्वस्त मिळतो, व 'लोकर' म्हणून मिळणारा धागा पुष्कळदा अ‍ॅक्रिलिकचा असतो. घरी विणण्यात पैशांची बचत होईलच असे नाही, हे पालकांनी प्रांजळपणे मानावे. तरीही मुलांनी ही विद्या का शिकावी? कारण चूक झाली असता ती शोधून, तेवढ्याच ओळी उसवून, पुन्हा नीट करता येते, असा धडा देणारी कामे थोडी आहेत. आणि म्हाताऱ्या माणसाच्या शेजारी तासभर शांत बसावयास लावणारी तर त्याहून थोडी. हे केवळ मुलींचे काम, असेही कोणी म्हणू नये. पेरू देशातील टिटिकाका सरोवरात टाकिले नावाचे बेट आहे. तेथे टोप्या विणण्याचे काम पुरुषच करतात, व त्या बेटाच्या वस्त्रकलेस २००५ साली युनेस्कोने मानवजातीचा वारसा म्हणून गौरविले.

प्रेषितांच्या कृत्यांत यापो येथील टबीथेची, म्हणजे दुर्कसेची, कथा आहे. ती वारली तेव्हा विधवा रडत पेत्राजवळ उभ्या राहिल्या आणि तिने आपल्याबरोबर असताना केलेली वस्त्रे त्यास दाखवू लागल्या. पेत्राच्या प्रार्थनेने ती विधवांस परत मिळाली. आपल्या आज्या आज आपल्याबरोबर आहेत, तोवरच त्यांच्याजवळ बसण्याची संधी आहे. तेव्हा विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटीत घरातील वडीलधाऱ्या बाईमाणसाजवळ बसून, तिला जे येत असेल ते, विणकाम असो, गोधडी असो वा क्रोशाचा रुमाल असो, त्यातील एक तरी गोष्ट हाताने शिका, आणि शिकलात ती टाक्यांच्या संख्येसह वहीत लिहून ठेवा.