डबा एक, जिन्नस वेगळा

लग्नाची शूटिंगवाल्याने दिलेली डिस्क घरच्या डीव्हीडी प्लेअरवर सुरळीत चालते. त्याच लग्नात भाच्याने मोबाइलवर काढलेली क्लिप डिस्कवर राइट करून लावली, की पडद्यावर ‘नॉट सपोर्टेड’ उमटतं, नाहीतर नुसता आवाज येतो. बहुतेकांचा संशय आधी डिस्कवर जातो आणि मग प्लेअरच्या लेन्सवर. दोष यातल्या कशाचाच नसतो.

१९९६ साली जपानमध्ये डीव्हीडी बाजारात आली, तेव्हा प्लेअरने काय वाचायचं हे काटेकोर ठरलेलं होतं. चित्र एमपीईजी-२ पद्धतीने दाबलेलं हवं. आपल्याकडच्या ‘पाल’ पद्धतीत त्याचा आकार ७२० बाय ५७६ ठिपके आणि वेग सेकंदाला २५ चित्रं. हा सगळा ऐवज ‘व्हिडिओ_टीएस’ नावाच्या फोल्डरमधल्या व्हीओबी फाइलींत असतो आणि प्लेअरमधली चिप तो उलगडते. संगणकात नवं सॉफ्टवेअर टाकता येतं. या चिपला मात्र जन्मतः जेवढं येतं, जवळपास तेवढ्यावरच भागवावं लागतं.

पुढे चित्र आणखी घट्ट दाबणारी डिव्हएक्स पद्धत आली आणि अख्खा सिनेमा ७०० एमबीच्या सीडीत मावू लागला. मग डिव्हएक्स वाचणारे प्लेअरही निघाले. डेन्मार्कच्या ‘किस’ कंपनीचा डीपी-४५० हा त्यांतल्या सुरुवातीच्यांपैकी एक.

खरा घोळ इथून सुरू झाला. एव्हीआय किंवा एमपी४ हा फक्त डबा. आत कोणता जिन्नस भरलाय, ते झाकणावरून कळत नाही. एका एव्हीआयमध्ये डिव्हएक्स असेल, दुसऱ्यात एक्सव्हिड, तर जुन्या डिजिटल कॅमेऱ्याच्या एव्हीआयमध्ये मोशन जेपेग. त्यामुळे फाइलीचं शेपूट .mp4 चं .avi केल्याने काहीच साधत नाही. प्लेअरच्या खोक्यावर ‘एमपीईजी-४’ छापलेलं असतं आणि मोबाइलची फाइलही एमपी४, तरी दोघांचं जमत नाही. कारण एमपीईजी-४ या एकाच मानकाच्या भाग २ मध्ये डिव्हएक्स-एक्सव्हिडचं कूळ आहे, तर मोबाइलमध्ये वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं एच.२६४ भाग १० मध्ये. जुन्या प्लेअरना सहसा पहिलंच येतं. खोक्यावर नुसतं ‘एमपीईजी-४’ छापून कंपन्यांनी ग्राहकाची दिशाभूलच केली. भाग कोणता, हे सांगायला एक आकडा पुरला असता.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे क्लिपची रीतसर डीव्हीडी बनवणं. ‘डीव्हीडीस्टायलर’सारखं मोफत सॉफ्टवेअर क्लिप एमपीईजी-२ मध्ये बदलून योग्य फोल्डरही तयार करतं. राइट झाल्यावर डिस्क ‘फायनलाइज’ करायला विसरू नये. अर्धवट सोडलेली डिस्क अनेक प्लेअर ओळखत नाहीत. आणि ती अमेरिकेतल्या लेकीकडे जाणार असेल, तर सुरुवातीलाच ‘पाल’ऐवजी ‘एनटीएससी’ निवडावं. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही पद्धती चालवतात, तिकडच्या अनेक प्लेअरना पाल चालत नाही.