ल्यूसिफेर आणि जय-विजय

महादूत मायकेल, गॅब्रिएल आणि राफाएल यांचा सण २९ सप्टेंबरला येतो. वसईकरांना मायकेलची ओळख नव्याने करून द्यावयास नको. माणिकपूरचे चर्च त्याच्याच नावाचे. परंतु ज्याच्याशी त्याने युद्ध केले तो ल्यूसिफेरही मुळात देवदूतच होता, आणि आम्हां कीर्तनकारांचे कुतूहल जडते ते या पतितावर.

मराठीला ही कथा परकी नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यातील साष्टीच्या नवख्रिस्ती जनांसाठी 'ख्रिस्तपुराण' ओवीबद्ध केले. ते १६१६ साली छापून निघाले. जुनी पुराणे सुटली, आता वाचावे काय, या मागणीतून तो ग्रंथ जन्मला. त्यात गर्वाने फुगलेला ल्यूसिफेर स्वर्गातून लोटला जातो. मिल्टनचे महाकाव्य १६६७ चे. म्हणजे आमची ओवी अर्धशतकाने वडील! स्टीफन्स स्वर्गाला वैकुंठ म्हणतो. तो शब्द कानी पडताच आम्हांस तेथील दोन द्वारपाल आठवतात.

जय-विजयांनी सनकादिकांना दारी अडविले व शाप ओढवून घेतला. हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्र अशा तीन जन्मांत त्यांनी देवाशी वैर केले आणि त्याच्याच हातून मरण पावून ते स्वस्थानी परतले. ल्यूसिफेरला परतीची वाट नाही. हे निष्ठुर भासते. पण ख्रिस्ती शास्त्रकारांचे कारण विचारार्ह आहे. देवदूताची बुद्धी आपल्यासारखी चाचपडत नाही. ती पूर्ण जाणून एकदाच निवड करते. म्हणून माणसाला जसा मृत्यूनंतर, तसा देवदूताला पतनानंतर पश्चात्तापास अवसर उरत नाही.

तरुण वाचकांना पतित देवदूत आता इंग्रजी अद्भुत कादंबऱ्यांतून भेटतो, तोही नायक होऊन. बेका फिट्झपॅट्रिक यांच्या 'हश, हश' (२००९) या कादंबरीत नायिकेचा बळी घेतल्यास त्याला मनुष्यदेह लाभणार असतो. तो नकार देतो, तिचे प्राण वाचतात, आणि तो तिचा रक्षक देवदूत होतो. शास्त्रकारांनी लावलेले दार कादंबरीकर्तीने उघडले! ख्रिस्ती पालकांस हे खटकणे स्वाभाविक आहे. आम्हांस मात्र त्यात जय-विजयांची वाट दिसते. फक्त त्यांना तीन जन्म मोजावे लागले, येथे एका नकारात भागले. सौदा अंमळ स्वस्त झाला. शिवाय हा नायक पडतो तो मानवकन्येच्या मोहाने. गर्वाने पडलेल्याला वर घेण्याचे धाडस त्या कादंबरीनेही केलेले नाही.