माग काढणाऱ्या पेशी

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात १९५० च्या दशकात डेव्हिड रॉजर्स यांनी सूक्ष्मदर्शकातून एक छोटी फिल्म टिपली. तीत न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी तांबड्या पेशींच्या गर्दीतून वाट काढत एका जीवाणूचा पाठलाग करते. तो वळला की तीही वळते आणि अखेर त्याला गिळते. तिला त्याचा ठावठिकाणा लागतो तरी कसा?

जीवाणूची प्रथिनं फॉर्मिल-मेथिओनिनपासून सुरू होतात. ही खूण असलेले तुकडे भोवताली झिरपत राहतात. त्यांना पकडणारे ग्राही न्यूट्रोफिलच्या साऱ्या पृष्ठभागावर विखुरलेले असतात. जीवाणूच्या बाजूचे ग्राही किंचित जास्त भरतात. दोन टोकांतला एक-दोन टक्क्यांचा फरकही पुरतो. त्या बाजूला ॲक्टिनचे तंतू वाढून पेशीचं पटल पुढे रेटतात, तर मागे मायोसिन आकुंचन पावून शेपूट ओढून घेतं.

जेमतेम दोन मायक्रोमीटर लांबीच्या ई. कोलायला अशी तुलना परवडत नाही. तो पोहता पोहता आत्ताची चव काही क्षणांपूर्वीच्या चवीशी ताडून पाहतो. चव वाढत असेल तर सरळ जात राहतो, नसेल तर गिरकी घेऊन दिशा बदलतो. हॉवर्ड बर्ग यांनी १९७२ मध्ये एकेका जीवाणूचा माग ठेवून हे पोहणं मोजलं. ही क्षणिक आठवण ग्राहींना जोडल्या जाणाऱ्या मिथाइल गटांत साठते आणि लगेच पुसलीही जाते.

पुसणं इथे फार मोलाचं आहे. मातीतला डिक्टिओस्टेलियम हा अमीबा उपासमार झाली की सायक्लिक एएमपी सोडून सोबत्यांना बोलावतो, आणि तोच रेणू तोडणारं विकरही सोडतो. संदेश साचून सगळीकडे सारखाच झाला, तर दिशाच उरणार नाही.

ग्लासगोच्या रॉबर्ट इन्सल यांच्या गटाने २०२० मध्ये याच अमीबांना सूक्ष्म चक्रव्यूहांत सोडलं. आकर्षक रेणू सर्वत्र भरलेला होता. पेशी तो तोडत पुढे सरकल्या. बंद गल्लीतला साठा लवकर संपला, खुल्या वाटेवर मात्र नवा पुरवठा येत राहिला. त्या फरकावरून अनेक पेशींनी पुढचा रस्ता आधीच ओळखला.

याच गटाने त्याआधी मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगातही हेच पाहिलं होतं. गाठीतल्या पेशी भोवतालचं लायसोफॉस्फॅटिडिक आम्ल संपवतात आणि ते जिकडे शिल्लक असतं तिकडे, म्हणजे गाठीबाहेर, निघतात. म्हणूनच कर्करोगाचा फैलाव समजून घेताना पेशींना कोण बोलावतं एवढंच शोधून भागणार नाही. त्या स्वतः काय संपवत चालल्या आहेत, हेही तपासावं लागेल.