मॉनिटर दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

सुटीत घरी गेलेल्या इंजिनिअरिंगच्या पोराला गावात कोणीही काहीही दुरुस्तीला आणून देते. ब्रँच कोणती, हे कोणी विचारत नाही. सिव्हिलवाल्यालाही मिक्सर उघडावाच लागतो! मागच्या उन्हाळ्यात संग्रामपूरला घरी गेलो, तर माझ्यापुढे मॉनिटर येऊन बसला. एक नाही, दोन.

बाबांचे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचे छोटे दुकान आहे. तिथला जुना १७ इंची एलसीडी सुरू व्हायचा, दोन सेकंद चित्र दिसायचे आणि पडदा काळा. दिवे ऐन अ‍ॅडमिशनच्या सीझनमध्ये लागले. दाखल्यांसाठी पोरे रांगेत उभी आणि दुकान बंद. शहरातल्या एका दुकानदाराने तर न उघडताच सांगून टाकले, "पॅनेल गेले, नवा घ्या." घरी माळ्यावर एक जुना १७ इंची सीआरटीही पडून होता, तोही बंदच. बाबा म्हणाले, "पाच हजार आता कुठून आणू? तुले येते त करून पाह्य, नाही त तसं सांग."

आता आली का पंचाईत! 'नाही येत' म्हणायला लाज वाटते आणि 'येते' म्हणायला भीती. म्हणून आधी डोके शांत ठेवून विचार केला. तोच तुमच्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट, स्क्रू-ड्रायव्हरला हात लावायच्या आधी केबल बदलून पाहा आणि मॉनिटर दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून पाहा. बरेचदा रोग केबलचा असतो आणि फाशी मॉनिटरला होते.

दुसरी, लक्षणे नीट बघा. पडद्याला तडा गेला असेल किंवा रंगीत उभ्या रेघा कायमच्या आल्या असतील, तर दोष बहुधा पॅनेलचा. जुन्या मॉनिटरच्या पॅनेलची किंमत जवळपास मॉनिटरएवढीच, तिथे दुरुस्तीचा नाद सोडा. पॉवरचा दिवाच लागत नसेल, तर फ्यूज किंवा पॉवर सप्लाय पाहावा. आणि दोन सेकंदांनी अंधार होत असेल, तर बॅटरीचा उजेड पडद्यावर तिरपा मारा. अंधुक चित्र दिसले की समजा पॅनेल जिवंत आहे, फक्त त्यामागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, बंद पडतोय. आमच्या मॉनिटरवर डेस्कटॉपचे आयकॉन अंधुक दिसले, आणि माझ्या जिवात जीव आला!

उघडून पाहिले तर पॉवर बोर्डवरचे दोन कपॅसिटर डोक्याला फुगलेले. हा जुना प्रसिद्ध रोग आहे. १९९९ ते २००७ च्या आसपास बनलेल्या कितीतरी मदरबोर्डांत आणि मॉनिटरांत खराब इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर बसले होते आणि ते वेळेआधी फुगले. पण माल चांगला असला तरी उष्णता त्याला खातेच. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी कमी झाले की आयुष्य दुप्पट. १०५ अंशांना २००० तास टिकणारा कपॅसिटर ७५ अंशांना साधारण १६,००० तास टिकतो. दिवसाला ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले, तर साडेसहा वर्षे. तेवढ्याच तासांचा ८५ अंशांचा माल लावला, तर दोन वर्षेही पुरत नाही. आपल्याकडचा उन्हाळा आणि मॉनिटरचा बंद डबा लक्षात घेता दुकानात '१०५ चाच द्या' असे ठणकावून सांगा. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढे किंवा जास्त, आणि लावताना अधिक-उणे उलटे करू नका.

एक सावधगिरी मात्र हवीच. प्लग काढला तरी पॉवर बोर्डच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो. थोडा वेळ थांबा, मल्टिमीटरने मोजा, मगच हात घाला. आणि सीआरटी तर उघडूच नका. त्याच्या नळीवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही चार्ज टिकून राहतो. अनुभव नसेल तर हा खेळ नाही.

मॉनिटर चालू झाला. कपॅसिटरला पन्नास रुपयेही लागले नाहीत. बाबा काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी दुकानातून येताना आलूबोंडे घेऊन आले. आमच्या घरी याला शाबासकी म्हणतात!

मग सीआरटीही दुरुस्त करायचा का? इथे भावना बाजूला ठेवून हिशेब केला. सीआरटी साधारण ७५ वॅट खातो, नवा १९ इंची एलईडी सुमारे २०. फरक ५५ वॅट. दिवसाला ८ तास, वर्षाला ३०० दिवस म्हणजे १३२ युनिट. ८ रुपये युनिट धरले तर हजाराच्या वर रुपये दरवर्षी. दुरुस्तीला १५०० लागले असते. ते वाचवून पाच हजारांचा नवा घेतला, तर वरचे ३५०० साडेतीन वर्षांच्या आत विजेतच निघतात. उलट आमचा एलसीडी ३५ वॅटच्या आसपास. तो काढून नवा घेतला तर वर्षाला ३६ युनिट, म्हणजे तीनशेच्या आत रुपये वाचतात. पाच हजार निघायला सतरा वर्षे! म्हणून एकाला जीवदान आणि एकाला निरोप.

पण निरोप म्हणजे भंगारवाल्याला देणे नव्हे. सीआरटीच्या काचेत शिसे असते, जुन्या एलसीडीच्या बॅकलाइट नळ्यांत थोडा पारा. काच फोडून आणि वायरी जाळून तांबे काढले की ते विष आपल्याच मातीत आणि हवेत जाते. भारतात ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून लागू आहेत. २०२२ चे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून आले. ई-कचरा नोंदणीकृत रिसायकलरपर्यंत पोचावा, हा त्यांचा गाभा. आमचा सीआरटी अजून माळ्यावरच आहे, कारण तालुक्याच्या गावात तो द्यायचा कुठे, हा प्रश्नच आहे. आपल्या लॅबच्या कपाटामागे डेडस्टॉकचे जे मॉनिटर धूळ खात पडलेत, ते कॉलेज कधी रीतसर पाठवणार असेल, तर सरांनी एक नोटीस लावावी. गावाकडचा एक डबा मी एसटीने घेऊन येईन.

तर मंडळी, सूत्र सोपे आहे. रोग कुठे आहे ते आधी ओळखा. दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीच्या आत असेल, तरच तिचा विचार करा. विजेचा हिशेब मांडा. आणि कोणी न उघडताच 'नवा घ्या' म्हणाला, तर निदान एकदा बॅटरी मारून पाहा!